कागदाआधी घरातून कळू द्या

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे घरोघरी एकच धांदल उडते. प्रवेशाचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला आणि सगळ्यांत जीव खाणारं वैधता प्रमाणपत्र. बिलोलीच्या तहसीलजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात उभं राहिलं की रोज तेच चेहरे दिसतात. बापाच्या हातात प्लास्टिकची फाइल असते, आईच्या पिशवीत पाण्याची बाटली, आणि मागे कंटाळलेलं लेकरू मोबाइलमध्ये डोकं घालून उभं असतं.

वैधतेला जुना पुरावा लागतो. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. म्हणजे आपला नाही, बापाचा नाही, आजा-पणज्याचा कागद हवा. सोबत वंशावळीचं शपथपत्र. मग शाळेची जुनी प्रवेश-निर्गम नोंदवही उघडते, १९५४-५५ चं खासरा पत्रक निघतं, आणि एखाद्या घरी तिथंच गाडी अडते. पणजोबांचं नाव तेच, गावही तेच, पण एका कागदावर त्यांच्या वडिलांचं नाव एक आणि दुसऱ्यावर वेगळंच.

“तुमच्यात कुणी दत्तक गेलं होतं का?” अर्ज भरून देणारा माणूस सहज विचारतो. बाप जरा थांबून म्हणतो, “हां, असं ऐकलंय खरं.” आणि मागे उभं असलेलं लेकरू मोबाइलमधून मान वर काढतं.

त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. “म्हणजे आपण खरे हे नाहीतच का?” आणि आपलं उत्तरही ठरलेलं असतं. “ते नंतर बोलू, आधी सही कर.” ते नंतर बहुतेक घरांत येतच नाही. त्या दिवशी उन्हात उभं राहून आपला जीव मेटाकुटीला आलेला असतो, उद्या अर्जाची शेवटची तारीख असते. कुणी मुद्दाम टाळत नाही. पण लेकराला आपल्या घरातली एवढी मोठी गोष्ट एका परक्या माणसाच्या तोंडून, रांगेत उभं असताना कळलेली असते, आणि ते तेवढ्यावरच घरी येतं.

मला तुमच्याशी त्याबद्दलच बोलायचंय.

आपल्या भागात दत्तक ही काही आगळी गोष्ट नाही. ज्या घरी मूलबाळ नाही त्या घरी भावाचा धाकटा मुलगा मांडीवर द्यायचा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. नाशिककडच्या कवळाण्याचे गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याला दत्तक जाऊन सयाजीराव झाले. हे आपण मुलांना इतिहासाच्या पुस्तकातून अभिमानानं शिकवतो. स्वतःच्या वाड्यातल्या दत्तकाचा विषय निघाला की मात्र आवाज खाली येतो.

त्यालाही कारणं आहेत. दत्तकाच्या मागे जमीन असते, जमिनीमागे भावकी आणि भावकीमागे कोर्टकचेरी. “जुनं कशाला उकरायचं” हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय आणि वेळप्रसंगी म्हटलंयही. म्हणून एक गोष्ट आधीच मोकळेपणानं सांगून टाकावी असं मला वाटतं. चुलत्यांना, पुतण्यांना फोन करून सांगा की आम्ही नोंद शोधतोय, हिस्सा मागत नाही. एवढ्या एका वाक्यानं निम्म्या शंका मिटतात, आणि ज्याच्या पेटीत तो कागद पडलेला असतो तोही मग पेटी उघडतो.

आमच्याही घरात असं एक दत्तक आहे. माझ्या सासऱ्यांचे वडील लहानपणी थोरल्या चुलत्याला दत्तक गेलेले. त्यांचं दत्तकपत्र निजामाच्या अमलातलं. घड्यांवर फाटत चाललेला कागद, वर निजाम सरकारचा छापील स्टॅम्प, मजकूर उर्दूत, खाली कुणाची मोडी सही तर कुणाचा अंगठा. तारीख फसली सनाची, १३५२, महिना तीर. फसली सनात ५९० मिळवले की ढोबळमानानं इसवी सन निघतो, म्हणजे हे १९४२-४३ सालचं. आजूर, दे, बहमन अशा महिन्यांच्या ओळीत तीर आठवा, म्हणजे साधारण मे महिना.

एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी तो आम्हाला वाचून दाखवला. शेतं किती, विहिरीत वाटा किती, वाड्याच्या कोणत्या अंगाचे खण, बैल, अवजारं, सगळं तपशिलानं लिहिलेलं. आणि मुलाबद्दल एकच ओळ. वय सहा वर्षं, अमक्याचा मुलगा, तमक्याला दिला.

माझी मुलगी शेजारी बसून ऐकत होती. तिनं विचारलं, “याच्या आईचं नाव कुठंय?”

सबंध कागदात ते नव्हतंच. देणारा बाप होता, घेणारा चुलता होता, साक्षीदार होते. जिनं सहा वर्षं सांभाळलं ती कुठंच नव्हती. ते नाव आम्हाला शेवटी कुंडलवाडीच्या एका म्हाताऱ्या चुलत आत्यांकडून कळलं. त्यांनी नाव सांगितलं आणि त्यासोबत हेही सांगितलं की दत्तक गेल्यापासून तो मुलगा स्वतःच्या आईला काकू म्हणायचा. घरं शेजारीशेजारी, आंगण एकच. उन्हाळ्यात माळवदावर कुरडया घातल्या की ती काकू त्याच्या वाटणीच्या कुरडया निराळ्या झाकून ठेवायची, आणि त्यावर कुणी काही बोलायचं नाही.

माझ्या मुलीला त्या कागदातल्या जमिनीचं काहीच लक्षात राहिलं नाही. कुरडयांचं राहिलं. मुलांना जे हवं असतं ते हे. आपण सर्व्हे नंबर शोधत असतो आणि ती त्या सहा वर्षांच्या पोराचा विचार करत असतात. त्याला रात्री झोप लागली असेल का, त्याला कुणी विचारलं होतं का, तो रडला का. त्यांच्या या प्रश्नांना आपण “तेव्हा तसंच असायचं” म्हणून वाटेला लावतो. खरं तर उत्तर माहीत नसलं तरी त्या प्रश्नापाशी दोन मिनिटं बसता येतं. “मलाही तेच वाटलं बघ” एवढं म्हटलं तरी पुरतं.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. सात-आठ वर्षांच्या लेकराला पणजोबांची गोष्ट सांगितली की ते ती स्वतःवर घेतं. “मी ऐकलं नाही तर मलापण देऊन टाकाल?” हे तोंडानं विचारेलच असं नाही, पण त्या रात्री जरा जास्त बिलगून झोपेल. आपण रागाच्या भरात “असंच केलंस तर मामाकडं पाठवून देईन” असं कितीदा म्हणतो! ते आपल्या ध्यानातही नसतं, त्याच्या ध्यानात असतं. म्हणून गोष्ट सांगताना शेवटी स्पष्ट शब्दांत सांगायचं की तू कुठंही जाणार नाहीस. आणि ती धमकी निदान त्या दिवसापासून बंद.

थोरली मुलं विचारतात, “दत्तक गेलं की आधीचं नातं तुटतं का?” याचं उत्तर कायद्यातच आहे, आणि ते त्यांना सांगण्यासारखं आहे. आपला हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ च्या डिसेंबरात लागू झाला. त्याप्रमाणे दत्तक मूल दत्तक घेतल्या दिवसापासून नव्या घरचं होतं. पण जन्मघरात ज्यांच्याशी त्याचं लग्न होऊ शकत नव्हतं त्यांच्याशी नंतरही होत नाही. म्हणजे रक्ताचं नातं कायद्यानंही पुसलेलं नाही. आणि रीतसर झालेलं दत्तक कुणालाच रद्द करता येत नाही, घेणाऱ्यालाही नाही. तेव्हा “आपण खरे कोण” याला उत्तर सरळ आहे. आपण या घरचे पूर्ण आहोत आणि त्या घराशीही आपलं नातं आहे.

आता शोधाबद्दल थोडं. थकल्या जिवानं कचेऱ्यांचे हेलपाटे घालण्याआधी घरातूनच सुरुवात करावी. देवघराखालचा कप्पा, सासूबाईंची पत्र्याची पेटी, जुन्या लग्नपत्रिका, पोथ्यांमध्ये दुमडून ठेवलेले कागद. मग घरातली सगळ्यांत म्हातारी बाई. पुरुषांना जमिनी आठवतात, बायकांना नाती. हे दोन्ही जुळलं की कुठल्या गावात आणि कुठल्या साली शोधायचं ते ठरतं. साल आणि गाव हाती नसेल तर कुठल्याही कचेरीत आपल्याला कुणी फारशी मदत करू शकत नाही.

पुढची ठिकाणं अशी. शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही. जन्म-मृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना नंबर १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. तहसीलच्या अभिलेख कक्षातलं खासरा पत्रक, पाहणी पत्रक आणि फेरफार. दत्तकामुळं वारस बदलला असेल तर फेरफारात त्याचं कारण लिहिलेलं सापडू शकतं. दत्तकपत्र नोंदवलेलं असेल तर ते दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात असतं. तिथं साल सांगून आणि शोधाची फी भरून सूची पाहावी लागते. आपलं त्या माणसाशी नातं काय याचा पुरावा सोबत असू द्यावा. नोंदणी झालेल्या आणि दोन्ही बाजूंच्या सह्या असलेल्या दत्तकपत्राला कायद्यात वजन आहे. ते चुकीचं आहे असं कुणी सिद्ध करेपर्यंत न्यायालय ते दत्तक खरं धरून चालतं. म्हणून सापडलं की सहीशिक्क्याची नक्कल घ्या आणि मूळ कागद हाताळणं बंद करा.

आपला भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं जुने कागद उर्दूत असतात हे ध्यानात ठेवावं लागतं. मांजरा नदी ओलांडली की तेलंगणातलं बोधन. नातीगोतीही दोन्हीकडं, तेव्हा कागदही पलीकडं निघू शकतो. हैदराबादला तारनाक्याला तेलंगणा राज्याचं अभिलेखागार आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या निजामकालीन नोंदी बाहेर निघाल्या. तेव्हा तपासायच्या कागदांच्या यादीत दत्तक विधान पत्रकही होतं. कुणबी नोंद शोधायला गेलेल्या घरांना अशा वेळी आपल्या आजा-पणज्याचं दत्तकही कळून जातं. तुमच्या घरी कुणी तेव्हा गठ्ठे चाळले असतील तर त्याला आधी विचारा. त्याच्या मोबाइलमध्ये तुमच्या कामाचा फोटो पडून असू शकतो.

एक गोष्ट मात्र मनाला लावून घेऊ नका. कागद सापडेलच असं नाही. जुन्या रीतीत देणं-घेणं झालं, चार माणसांदेखत मूल मांडीवर बसवलं की दत्तक झालं. लिहून ठेवायलाच हवं असं नव्हतं. आणि मुलींचं तर लिहिलंच जात नव्हतं. १९५६ च्या कायद्याआधी हिंदूंमध्ये रीतसर दत्तक घेतला जाई तो मुलगाच. मामानं वाढवलेली, मावशीनं सांभाळलेली, आई बाळंतपणात गेल्यावर आजोळी राहिलेली मुलगी कुठल्याच कागदावर नसते. लग्नानंतर नाव बदललं की उरलासुरला मागही जातो. मुसलमान घरांतही मूल वाढवतात, जीव लावतात, पण बापाचं नाव जन्मदात्याचंच राहतं, त्यामुळं दत्तकपत्र असा कागद सहसा नसतो. अशा आज्यांची, नान्यांची नोंद त्यांच्या तोंडूनच घ्यावी लागते. फोनवर रेकॉर्डिंग लावून शेजारी बसा, मूलही शेजारी असू द्या. आपण विचारलं तर त्या “काय सांगायचं त्यात” म्हणतात, नातवंडानं विचारलं की बोलत राहतात.

आणि एक करून पाहा. वैधतेच्या शपथपत्रावरच्या वंशावळीत बहुतेक वडील, आजोबा, पणजोबा अशी पुरुषांचीच नावं असतात. घरी मुलांबरोबर बसून दुसरी वंशावळ काढा. त्यात आया लिहा. दत्तक गेलेल्या माणसाच्या नावाला दोन रेघा जोडा, एक जन्म दिलेल्या आईची, एक वाढवलेल्या आईची. आमच्याकडं ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. कुणी आलं-गेलं की मुलगीच दाखवते.

आता ज्यांच्या घरात आज दत्तक मूल आहे त्यांच्याशी दोन शब्द. तुमची धास्ती वेगळी असते. “सांगितलं तर दुरावेल का? उद्या ‘माझी खरी आई शोधायचीय’ म्हणालं तर?” ज्याला जिवापाड वाढवलं त्याच्या बाबतीत ही भीती वाटणारच, त्यात वाईट काही नाही. पण वर पणजोबांबद्दल जे म्हटलं तेच इथं दसपट खरं आहे. त्याला कधीतरी कळणारच. शेजारणीकडून, भावकीच्या भांडणात, नाहीतर कागदावरून. ते तुमच्या मांडीवर बसून कळलेलं केव्हाही बरं. लहानपणापासून थोडं थोडं सांगत गेलं की सांगण्याचा असा एक भयंकर दिवसच उगवत नाही.

नेदरलँड्समधल्या हीमस्टेड शहराचे महापौर फाल्गुन बिनेनडाइक यांचा जन्म १९८५ च्या फेब्रुवारीत नागपूरचा. आईनं त्यांना मातृसेवा संघात सोडलं. ही कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये सुरू केलेली संस्था. तिथल्या परिचारिकेनं मराठी महिन्यावरून त्यांचं नाव फाल्गुन ठेवलं. दत्तक घेणाऱ्या डच आईवडिलांनी ते नाव बदललं नाही. मोठे होऊन, पदावर बसूनही ते आईच्या शोधात नागपूरला येत राहिले. पुण्यात १९७३ मध्ये जन्मलेल्या आणि दत्तक जाऊन जर्मनीत वाढलेल्या अरुण डोहले यांना तर स्वतःच्या नोंदी पाहायला मिळाव्यात म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. आपण कुठून आलो हे माहीत करून घ्यायची ओढ माणसाला असते. त्यात वाढवणाऱ्या आईबापाचं काहीच उणं नसतं.

आजच्या नियमांत ही मुळं शोधायची सोय आहे. अठरा वर्षं पूर्ण झालेलं दत्तक मूल स्वतः अर्ज करू शकतं. त्याहून लहान असेल तर आईवडिलांसोबत. तिसऱ्या कुणालाही परस्पर शोध घेता येत नाही, आणि जन्मदात्या आईला आपलं नाव झाकून ठेवायचं असेल तर तिचा तो हक्कही राखलेला आहे. हे मुलाला आधीच सांगून ठेवा. तिच्यावर त्या वेळी काय गुदरलं असेल ते आपल्याला ठाऊक नाही. दार उघडलं नाही तर ते त्याला नाकारणं नव्हे, हे त्याला तुमच्याकडून समजायला हवं.

तुमचं काम त्याची फाइल जपण्याचं. दत्तकाचा आदेश, संस्थेनं दिलेला बाल अध्ययन अहवाल, वैद्यकीय तपासणीचे कागद, पहिला फोटो, संस्थेतून आलं तेव्हाचं अंगडं. सप्टेंबर २०२२ पासून संस्थेतून घेतलेल्या मुलांचे आदेश जिल्हाधिकारी देतात, त्याआधीचे न्यायालयाचे असायचे, हेही फाइलवर लिहून ठेवा. संस्था बंद पडतात, माणसं निवृत्त होतात. वीस वर्षांनी तुमचं लेकरू विचारायला येईल तेव्हा कदाचित तुमच्या कपाटातली फाइल हीच त्याची एकमेव नोंद असेल. आणि शोधायला निघालंच तर “आम्ही पण येतो” म्हणा. ते तुम्हाला सोडून चाललेलं नसतं, तुम्ही सोबत असावं असंच त्याला वाटत असतं.

आपण सगळे घाईत आहोत, मला ठाऊक आहे. शाळा, शेती, नोकरी, पाहुणेरावळे, त्यात हे कागदपत्रांचं लचांड. सगळं आजच करा असं म्हणत नाही. यंदाच्या दिवाळीत चार माणसं एकत्र येतील तेव्हा घरातल्या सगळ्यांत थकलेल्या माणसापाशी मुलाला घेऊन बसा आणि कोण कुणाला दत्तक गेलं, कुणाला कुणी वाढवलं, तेवढं विचारून लिहून घ्या. कचेरीतली नोंद पुढच्या वर्षीही शोधता येईल. ती माणसं पुढच्या वर्षी असतीलच असं नाही.